जुनी दुखापत : नाही

हे सांगायचं मी कितीतरी वर्षं टाळलं. आधी नोकरी होती, लोक काय म्हणतील हा विचार होता. मग बायको होती आणि सगळ्यांना तिनेच सांगितलेलं निराळं होतं, ते खोटं पाडणं बरं दिसलं नसतं. ती गेल्यावर कुणी विचारणारंच उरलं नाही, तेव्हा गप्प बसणं आणखी सोपं झालं. आता मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. माझ्या मुलाच्या जबड्याबद्दल दोन गोष्टी लोकांत फिरतात. सांगलीकडचे नातेवाईक म्हणतात, तो लहानपणी लखनौच्या सरकारी क्वार्टरच्या जिन्यावरून पडला. इथे लखनौत, वृंदावन योजना नावाच्या आमच्या वसाहतीतले शेजारी म्हणतात, एका मान मोडणाऱ्या डॉक्टरने त्याचा जबडा बिघडवला. पहिली गोष्ट बायकोने रचली, मला वाचवायला. दुसरी मी स्वतः पसरवली. दोन्ही खोट्या आहेत.

मी इथल्या एका संशोधन संस्थेत नोकरीला आलो तेव्हा मुलगा दोन वर्षांचा होता. क्वार्टर्समध्ये मराठी घर आमचं एकटंच. मुलगा शाळेत जायला लागला आणि घरात हिंदी शिरली. बायको भाजीला सब्जी म्हणायला लागली, तेव्हा मी नियम केला. जेवताना ज्याच्या तोंडून हिंदी शब्द जाईल त्याने हातातला घास ताटात ठेवायचा आणि मराठी शब्द आठवला की मगच उचलायचा. बायकोला त्याची गंमत वाटायची. ती घास ठेवून हसायची आणि म्हणायची, "साहेब, भाजी. उचलू आता?" मुलगा हसायचा नाही, कारण त्याच्यासाठी नियमाला पुढचा भागही होता. तीनदा चुकला की पट्टी. पट्टीचं पुढे पट्ट्यावर गेलं. एकदा मी त्याचं डोकं भिंतीवर आपटलं, तेही 'च' आणि 'ज' चे उच्चार चुकीचे केले म्हणून. मी शिस्तीचा आहे असं सगळ्यांना सांगायचो. मी मारकुटा होतो.

तो चौदा वर्षांचा असताना पुतणीच्या लग्नाला आम्ही सांगलीला गेलो. पंगतीत भात वाढणाऱ्याला मुलगा म्हणाला, "भैया, थोड़ा और चावल." सगळी रांग हसली. माझा थोरला भाऊ पलीकडून म्हणाला, "अरे, तुझं पोरगं भैया झालं की रे. दुधाचा रतीब घालायला लाव त्याला आता." मीही हसलो. पोरगं पानातल्या जिलबीकडे बघत बसलं. दिवसभर ज्याला तो दिसेल त्याने त्याला "भैया, दूध आणलं का?" विचारायचं. संध्याकाळपर्यंत त्याचं नाव कुणी घेईना. परतीच्या सबंध प्रवासात मी त्याच्याशी एक शब्दही बोललो नाही.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी, दुपारच्या जेवणाला आम्ही तिघं बसलो होतो. मी पाणी वाढायला उठलो होतो. हातात पितळी तांब्या होता, भरलेला. मी म्हणालो, "भात घे अजून."

तो खाली बघून म्हणाला, "बस पापा, हो गया."

"काय म्हणालास?"

त्याने हातातला घास ताटात ठेवला. वर बघितलं आणि तोंड उघडलं. मी तांब्या खालून वर फिरवला.

तांब्याचा काठ त्याच्या हनुवटीला डावीकडून लागला. वाळलेली फळी मोडावी तसा आवाज झाला. पाणी भिंतीवर उडालं. दातांखाली जीभ आली होती, वरणभातावर रक्त पडलं. एवढ्यावर कुणीही थांबलं असतं. मी त्याला शर्टाला धरून ताटावरून ओढलं आणि खाली पडल्यावर लाथ मारली, मग दुसरी, आणि प्रत्येक लाथेला म्हणत होतो, "बोल. मराठीत बोल. बोल की." त्याला बोलता येत नव्हतं. तोंडातून फक्त फेस आणि रक्त येत होतं. बायको मध्ये आली. मी तिला ढकललं, ती कपाटाच्या कोपऱ्यावर आपटली आणि तिची बांगडी फुटून मनगटात घुसली. मग मी हात धुतले, पाटावर बसलो आणि माझ्या पानातलं संपवलं. ते दोघं मोरीत होते. त्याच्या चुळा भरण्याचा आवाज येत होता आणि मी ताक ओरपत होतो.

दवाखान्यात बायकोने सांगितलं, "जीने से गिर गया." डॉक्टरांनी जिभेला टाके घातले. हाडाचा फोटो कुणी काढला नाही. महिनाभर त्याचं तोंड बोटभरही उघडत नव्हतं. बायको गाळलेली पेज चमच्याने त्याच्या गालाच्या कडेने सोडायची. पुढे ते उघडायला लागलं, पण उघडताना हनुवटी उजवीकडे सरकायची. नातेवाईक म्हणायचे, जांभई देताना बघा कसा गमतीदार दिसतो.

त्या दिवसानंतर तो माझ्याशी कधीही हिंदीत बोलला नाही. पापा म्हणणं बंद झालं, बाबा म्हणायला लागला. मराठी अगदी स्वच्छ, पण सगळी तीन शब्दांत. जेवलो. निघतो बाबा. ठीक आहे. मला वाटलं, मी जिंकलो. त्याला मराठी येते हे मी सव्वीस वर्षं लोकांना अभिमानाने सांगत होतो.

आता तो चाळिशीत आहे आणि तेलीबागच्या एका कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवतो. दिवसाचे सहा तास बोलणं. दोन वर्षांपूर्वी उजव्या कानापुढे दुखायला लागलं. जेवताना जबड्याचा कट् असा आवाज समोर बसलेल्या मला ऐकू यायचा. आधी कान दाखवून झाला, कानात काही नव्हतं. मग सकाळी उठल्यावर तोंड उघडेना, दोन बोटं जेमतेम जायची. वर्गात तो कमी बोलून जास्त लिहायला लागला. पोरांनी तक्रार केली. कोचिंगच्या मालकांनी त्याच्या तासाला दुसरा शिक्षक मागे बसवला, "सीखने के लिए," असं म्हणून. मुलाला त्याचा अर्थ कळला होता. बोलणं गेलं तर काम जाणार होतं.

सूनबाई शाळेत शिकवतात, सकाळी घरी नसतात. गोळ्यांनी त्याला गुंगी यायची, म्हणून दंतवैद्याकडे सोबत मी गेलो. बाई पस्तिशीच्या, तेलीबागच्या बाजारात वरच्या मजल्यावर त्यांचं क्लिनिक. त्यांनी त्याच्या गालांवर, कानशिलांवर बोटं दाबली. एका ठिकाणी दाबल्यावर त्याचे पाय खुर्चीवर ताठ झाले. मग संपूर्ण जबड्याचा एक्सरे काढला आणि पडद्यावर लावला.

"यह देखिए," त्या म्हणाल्या. उजव्या बाजूला, जबड्याचं हाड कानाजवळ जिथे कवटीला टेकतं, तिथे मान वाकल्यासारखं काहीतरी होतं. "यहाँ हड्डी टूटी थी. बहुत पहले. टेढ़ी जुड़ी है, इसीलिए जोड़ घिस रहा है. चोट कैसे लगी थी?"

मी खुर्चीत मागे टेकलो.

"क्रिकेट," मुलगा म्हणाला.

"बॉल दाहिनी तरफ़ लगी?"

"बाईं तरफ़."

"हाँ, ऐसा होता है. ठुड्डी पर बाएँ लगे तो टूटता दाहिना है." त्यांनी मूठ वळून आपल्या हनुवटीखाली आणली. "पर बॉल नीचे से आई होगी. ऐसे."

"बाउंसर थी."

"और हेलमेट?"

"हमारे यहाँ रिवाज नहीं था," तो म्हणाला.

बाई हसल्या. मीही हसलो, तोंडावर रुमाल धरून.

त्यांनी त्याच्या दातांचे साचे घेतले. खालच्या दातांवर बसवायची एक पारदर्शक कडक पट्टी करून देणार होत्या, झोपताना घालायची, म्हणजे सांध्यावरचा दाब कमी होतो. मऊ अन्न, गरम शेक, जबड्याचे व्यायाम. वर्षानुवर्षं मान एका बाजूला धरून धरून त्याची मान आणि खांदे लाकडासारखे झाले होते. त्या म्हणाल्या, मणक्याचं काम हाताने करणारा चांगला कायरोप्रॅक्टर मिळाला तर मान मोकळी करून घ्या, पट्टीचा फायदा लवकर होईल. मग माझ्याकडे वळल्या. "पर अंकल जी, जबड़े को कोई झटका न दे. यह एक्सरे साथ ले जाइए, पहले दिखाइए." त्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं.

रायबरेली रोडला असा एक जण होता. तिशीचा, नम्र, शिकून आलेला. लोक त्याला हड्डीवाले डॉक्टर म्हणायचे. मुलाला आत टेबलावर पालथं झोपवून त्याने मानेवर गरम पिशवी ठेवली आणि भरायचा फॉर्म बाहेर माझ्या हातात दिला. "अंकल, भैया लेटे हैं, आप भर दीजिए." नाव, वय, काम. चौथी ओळ होती: सिर, गर्दन या चेहरे पर पुरानी चोट? हाँ अथवा नहीं. हाँ, तो कैसे?

एक्सरेचं पाकीट माझ्या पिशवीत होतं, पिशवी मांडीवर होती. क्रिकेट लिहिता आलं असतं. पण ते त्याचं खोटं होतं, माझ्यासाठी त्याने बोललेलं, आणि ते माझ्या अक्षरात लिहायला हात होईना. खरं काय ते तर मी लिहिणारच नव्हतो. मी 'नहीं' वर खूण केली, खाली सही केली. पाकीट पिशवीतच राहिलं.

आत मुलाला वाटलं असणार, बाबांनी दाखवलं असेल.

मान मोकळी करताना कडकड आवाज आले, दोनदा, आणि मुलगा "आह, अच्छा लगा," म्हणालेलं मी ऐकलं. मग तो डॉक्टर म्हणाला, "अब ज़रा मुँह खोलिए, एक छोटा सा एडजस्टमेंट यहाँ भी कर देते हैं." मी उठलो. उठलो, हे खरं आहे. दारापर्यंत गेलोही. पण 'थांबा' म्हटलं असतं तर 'का' ते सांगावं लागलं असतं. पडद्याच्या फटीतून मला त्याचे अंगठे मुलाच्या जबड्याच्या कोपऱ्यावर दिसले. झटका लहानच होता.

मुलगा ओरडला, पण तोंड बंद झालेलं असल्यामुळे तो आवाज नाकातून आला. गुरासारखा. तो टेबलावरून खाली घसरला, दोन्ही हातांनी कानाशी गच्च धरून, आणि पाय झाडायला लागला. जबडा लॉक झाला होता, दात एकावर एक बसलेले, मध्ये नखही जाणार नाही.

पुढचं मी कसं केलं मला सांगता येतं, का केलं ते नाही. आत टेबलाशेजारी प्लास्टिकचा मणका उभा होता, शिकवायला ठेवतात तसा, खाली लोखंडी बैठक. मी तो उचलला आणि त्या डॉक्टरच्या तोंडावर मारला. बैठक ओठाला लागली. ओठ फाटला, त्याच्या पांढऱ्या कोटावर रक्त आलं. तो मागे सरकला तसा मी त्याच्या गळ्यापाशी कोट धरला आणि मोकळ्या हाताने मारत राहिलो. कानावर, गालावर, जिथे लागेल तिथे. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या हातात इतका जोर असेल असं मला वाटलं नव्हतं. आणि मला बरं वाटत होतं. तेही लिहून ठेवतो. "मेरे बच्चे का जबड़ा तोड़ दिया," मी ओरडत होतो, "मेरे बच्चे का." त्याने एकदाही हात उगारला नाही. ओठ दाबून धरून तो एवढंच म्हणत होता, "अंकल, आपने फॉर्म में लिखा है. अंकल, आपने खुद लिखा है, देखिए."

धडपडीत फॉर्म खाली पडला होता. माझी पिशवीही पडली होती आणि एक्सरेचं पाकीट अर्धं बाहेर आलं होतं. मुलगा जमिनीवरच बसला होता. त्याने फॉर्म उचलला आणि वाचला. पाकिटाकडे बघितलं. मग त्याने माझा हात पकडला, मारणारा. दात मिटलेलेच होते, शब्द दातांमधून आले.

"इनको क्यों मार रहे हैं, पापा? इन्होंने तो ठीक करने के लिए पकड़ा था."

सव्वीस वर्षांनी तो माझ्याशी हिंदीत बोलला. मी कोट सोडला.

रिक्षाने आम्ही परत दंतवैद्यबाईंकडे गेलो. त्यांनी सांध्यापाशी इंजेक्शन दिलं आणि थांबल्या. दात किंचित सुटल्यावर अंगठ्यांना ड्रेसिंगची जाळी गुंडाळली, ते तोंडात मागच्या दाढांवर ठेवले आणि सगळं वजन टाकून खाली दाबलं. मुलाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मदतनीस मुलीने त्याचं डोकं धरलं होतं. दोनदा अंगठे सुटले. तिसऱ्यांदा मोठा कट् असा आवाज आला आणि जबडा सरकला. बाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मग चिडल्या. "मैंने मना किया था. एक्सरे दिखाया नहीं आप लोगों ने?"

आता मी बोलायला हवं होतं. इतकी सोपी वेळ पुन्हा येणार नव्हती.

मुलाने तोंडाला कापूस धरला होता. तो म्हणाला, "फॉर्म हमसे गलत भर गया." हमसे. बाईंनी फाइलीत काहीतरी लिहिलं आणि सांगितलं, एक आठवडा बोलायचं नाही, तोंड उघडायचं नाही, पातळ अन्न, दिवसातून तीनदा शेक.

त्या डॉक्टरने पोलिसांत तक्रार केली नाही. त्याने संध्याकाळी मुलाला फोन केला, कसं आहे विचारायला. सूनबाईंनी घेतला. मी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी पार्कात फिरायला येणाऱ्या मंडळींना सांगितलं की त्याने माझ्या मुलाचा जबडा मोडला. "अरे, हम तो मंगल को जाने वाले थे," एक जण म्हणाले. "बच गए आप," मी म्हणालो. त्यांच्यामागून आणखी दोघांनी जाणं रद्द केलं. तीन महिन्यांनी त्या जागी शटर बंद होतं, आता तिथे मोबाइलचं दुकान आहे. माझ्यामुळे बंद झालं की कसं, ते मला माहीत नाही. दुकानदाराला विचारलं, तो म्हणाला, वापस गाँव चले गए शायद. त्या माणसाची चूक नव्हती. त्याने विचारायचं ते विचारलं होतं आणि उत्तर मी दिलं होतं. पार्कातल्या मंडळींना हे मी गेल्या आठवड्यात सांगितलं. आता माझ्या बाकावर कुणी येत नाही.

तो न बोलण्याचा आठवडा सांगायचा राहतो. सात दिवस तो बोलू शकत नव्हता. मी काहीही म्हटलं असतं तरी तो उलट उत्तर देऊ शकला नसता, ओरडू शकला नसता, जुनं काही काढू शकला नसता. माझ्यासारख्या भित्र्या माणसाला यापेक्षा चांगली संधी कोण देणार होतं? सून शाळेत गेली की घरात आम्ही दोघंच. दुपारी मी पिशवीत गरम पाणी भरायचो, फडक्यात गुंडाळायचो आणि त्याच्या कानाशी धरायला द्यायचो. तो डोळे मिटून पडायचा. मी स्टुलावर.

पहिल्या दिवशी म्हणालो, "फार गरम नाही ना?" त्याने मान हलवली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी शेवयांची खीर मिक्सरमधून काढून आणली. त्याने वाटी बघितली आणि माझ्याकडे बघितलं, आणि मी भांडी घासायला निघून गेलो.

चौथ्या दिवशी मी सुरुवात केली. "त्या रविवारी," मी म्हणालो.

त्याने डोळे उघडले. कानावरची पिशवी काढून बाजूला ठेवली, नीट ऐकू यावं म्हणून. माझ्याकडे तोंड करून वळला. खालून कुणी कबाडी ओरडत गेला, तो जाईपर्यंत मुलगा थांबला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो फक्त वाट बघत होता.

मी म्हणालो, "त्या रविवारी डॉक्टरबाई असतात का रे? येत्या रविवारी?"

 त्याने मान हलवली, नसतात, आणि पिशवी उचलून पुन्हा कानाशी धरली.

पट्टी बसली. तीन बोटं जातील इतकं तोंड उघडायला लागलं, दुखणं अर्ध्यावर आलं. आता तो वर्गात माइक लावून शिकवतो. मागे बसणारा शिक्षक यायचा बंद झाला. घरी आमचं मराठीतच चालतं. जेवलो. निघतो बाबा. त्या रविवारची आठवण मी पुन्हा काढली नाही, त्यानेही नाही. हे छापून आलं तर तो वाचेल की नाही, सांगता येत नाही. त्याला मी समोर बसून म्हणायला हवं होतं ते असं होतं:

घास खाली ठेवून तू तोंड उघडलंस, तेव्हा तू 'पुरे बाबा' म्हणणार होतास. पहिलं अक्षर तुझ्या ओठांवर मला दिसलं होतं. ते दिसल्यावर मी मारलं. भाषेसाठी नाही मारलं. सांगलीत सगळे हसले होते आणि मला कुणाला तरी मारायचं होतं. तुझी काहीही चूक नव्हती, तेव्हाही नाही आणि त्या फॉर्मच्या वेळीही नाही. दोन्ही वेळा तुझा जबडा मी मोडला. मला माफ कर.